उद्योगी आणि भटक्या बाबांच्या आठवणी नीट जपायच्या कशा

सगळ्यात आधी एक सांगते, दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत माळा रिकामा करू नका. नातेवाईक मदतीला आलेले असतात, कोणीतरी म्हणतं आता हे भंगार कशाला ठेवायचं, आणि भंगारवाला दुपारी येऊन घेऊन जातो. ज्या घरात बाबा, आजोबा किंवा काका असा माणूस होता की जो रविवारी एकतर गडावर नाहीतर जुन्या बाजारात, आणि उरलेल्या वेळात बाल्कनीत व्हाइसला (म्हणजे वस्तू घट्ट पकडायच्या शिकंज्याला) काहीतरी लावून कानशीने घासत बसलेला, त्या घरातलं भंगार म्हणजे त्याचं अर्धं चरित्र असतं. तेव्हा माळ्याला सहा महिने तरी कुलूप, हे घरात सगळ्यांना स्पष्ट सांगून टाका.

अशा माणसाबद्दल लिहायला बसलं की आपण "हरहुन्नरी, प्रेमळ, हौशी, कुटुंबवत्सल" असं लिहितो. खरं असतं ते, पण कोणाच्याही श्रद्धांजलीत चालेल असं असतं. माझं ठाम मत आहे की असा माणूस विशेषणांनी आठवत नाही, तो त्याच्या करामतींनी आठवतो. काय बनवलं, कशापासून बनवलं, कोणासाठी बनवलं, कुठल्या वाटेने गेला आणि बरोबर कोणाला नेलं. एवढं नीट गोळा झालं ना की प्रेमळ हा शब्द लिहावाच लागत नाही.

पुण्यात बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा याच नजरेने बघून या. दिनकर केळकरांनी ते अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं केलं आणि पुढे राज्य सरकारच्या हवाली केलं. तिथे दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, म्हणजे रोजच्या वापरातल्याच वस्तू आहेत. घरी परत आलात की बाबांच्या प्रत्येक वस्तूला सुतळीने एक चिठ्ठी बांधा. वस्तू काय, कशापासून केली, साधारण कधी, कोणासाठी, आणि चालते का. आमच्याकडे पहिल्या चिठ्ठीवर "आईसाठी नारळ खवायचं यंत्र, जुन्या मिक्सरची मोटर, चालतं पण फार आवाज" असं आहे, आणि ते वाचून भाचीने लगेच विचारलं की आजोबांनी मोटर उलटी फिरू नये म्हणून काय केलं होतं.

विजेवर चालणारी जुनी करामत मात्र कौतुकाने थेट प्लगमध्ये घालू नका, हे फार कळकळीने सांगतेय. जुन्या वायरीचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं आणि असे लोक अर्थिंग स्वतःच्या हिशोबाने करतात. ओळखीचा वायरमन बोलवा, तो सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच यंत्राकडे जाईल असा, शंभरचा बल्ब लावून बघेल, आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि घरचा फ्यूज वाचतो. चालत असेल तर चालू करण्यापासून बंद करेपर्यंत सलग व्हिडिओ घ्या, मध्ये कट न करता, आणि कॅमेरा हातांवर ठेवा. तोंडावर नको, कारण कुठला खटका कधी दाबायचा हे हातांनाच माहीत असतं. चालत नसेल तर उघडून आतले फोटो काढा, प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी एक. फसलेली यंत्रंही यात घ्या, खरं तर ती आधी घ्या. सोलर कुकरचे तीन नमुने माळ्यावर असतील आणि तिसऱ्यातच भात शिजला असेल तर पहिले दोन फेकून दिल्यावर तिसरा सुचला कसा ते कोणालाच कळणार नाही.

कोणी पेटंटसाठी अर्ज केला होता अशी कुजबुज घरात असेल तर भारतीय पेटंट ऑफिसच्या साइटवर अर्जदाराच्या किंवा संशोधकाच्या नावाने फुकट शोधता येतं. आडनावाची स्पेलिंगं दोन-तीन प्रकारे टाकून बघा. फार जुनं तिथे सापडलं नाही म्हणून अर्ज नव्हताच असं समजू नका, घरात पावती किंवा पत्रव्यवहार शोधा.

आता फोटो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखाने ओढू नका, दात साफ करायचा धागा असतो ना तो फोटोखालून हळू सरकवत न्या, सुटतो. सुटत नसेल तर सरळ पानासकट स्कॅन करा. साधे फोटो 600 डीपीआयला (स्कॅन किती बारीक घ्यायचा त्याचं माप), अगदी छोटे 1200 ला, निगेटिव्ह किंवा स्लाइड असतील तर 2400 किंवा त्याच्या वर. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आपल्या पावसाळ्यात स्लाइडला बुरशी फार पटकन धरते, त्यामुळे हे काम उन्हाळ्यातच उरका. आणि स्कॅन केलेले फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचे तर डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून बारीक करतं आणि मग दहा वर्षांनी सगळ्यांकडे तेच धूसर फोटो उरतात. मूळ स्कॅनच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, म्हणजे हार्डडिस्क आणि ऑनलाइन ड्राइव्ह वगैरे, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी.

तारखा हा सगळ्यात डोकं खाणारा आणि सगळ्यात मजेचा भाग. कोणालाच साल आठवत नाही, पण "तेव्हा काय चाललं होतं" ते आठवतं. म्हणून साल विचारूच नका. पानशेत फुटलं त्याच्या आधी का नंतर (12 जुलै 1961), बहात्तरच्या दुष्काळात का, स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक पडणार म्हणून सगळे घाबरले होते तेव्हा (जुलै 1979), वर्ल्डकप जिंकला त्या वर्षी (1983), किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे (30 सप्टेंबर 1993), असं विचारा. फोटोत स्कूटर दिसली तर नंबरप्लेट मोठी करून बघा, एमएच 12 (पुण्याचा नंबर) असेल तर फोटो 1989 च्या मध्यानंतरचा, कारण ती पद्धतच तेव्हा सुरू झाली. उलटं मात्र चालत नाही, जुन्या गाड्या जुन्याच नंबरवर पुढे कित्येक वर्षं फिरत होत्या.

गडांचे फोटो मागच्या डोंगरावरून ओळखता येतात. नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, दिसतंय, खाली लांब माची उतरलीये, म्हणजे राजगडची सुवेळा माची असण्याची शक्यता भरपूर. संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीवर चढायची वाट त्या पिढीने खूप तुडवली, तिथले फोटो बहुतेक भटक्यांच्या अल्बममध्ये असतातच. जुनी टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारा सरकारी नकाशा) सापडली तर तीसुद्धा स्कॅन करा, पेन्सिलीच्या खुणांसकट, कारण त्या खुणा म्हणजेच वाट. मग एका नकाशावर सगळ्या वाटा काढा, आणि गडांबरोबर स्कूटरवरच्या वाटाही, म्हणजे भोरवरून वरंधा घाटाने महाड, मुळशीवरून ताम्हिणीने माणगाव. पुढे उभा धाकटा, मागे आई, मधे मोठी, कॅरियरला स्टोव्हची पेटी, असे आम्ही कोकणात गेलोय आणि ती पेटीसुद्धा बाबांनीच पत्रा वाकवून केलेली होती, वारा लागू नये म्हणून तीन बाजूंनी बंद.

माणसांशी बोलायला जाल तेव्हा "ते कसे होते" असं विचारू नका, "फार मोठ्या मनाचे" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा, तुमच्याकडची कुठली वस्तू त्यांनी दुरुस्त केली, त्यांच्याबरोबर तुम्ही कधी वाट चुकलात, ते कशावर चिडायचे, कुठलं हत्यार कोणाला हात लावू देत नसत. कारखान्यातल्या मित्रांना भेटा, ट्रेकच्या ग्रुपला भेटा, पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा बोहरी आळीत ते ज्या दुकानात तासभर उभे राहायचे तिथेही जाऊन बघा, काउंटरवरचे जुने लोक गिऱ्हाईक विसरत नाहीत. मोबाइल मधे ठेवून परवानगीने रेकॉर्ड करा, आणि एखादी वस्तू हातात द्या, पाना नाहीतर कंपास, म्हणजे बोलणं आपोआप सुटतं. जुन्या कॅसेटवर त्यांचा आवाज असेल तर वाजवायच्या आधी वरच्या कडेच्या दोन्ही खुंट्या तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही, मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या आणि पहिल्याच वेळी कॉम्प्युटरला जोडून वाजवा.

आईशी मात्र वेगळं बोला, एकटीशी, आणि एकापेक्षा जास्त वेळा. मित्रमंडळी बसली की तेच बोलतात आणि आई चहा टाकायला उठते. ज्या घरात पगारातून बेअरिंगं आणि दोरखंड यायचे तिथे महिना कोणी निभावून नेला, चौघं पावसात घाटात अडकले तेव्हा तिला काय वाटलं होतं, कुठल्या मोहिमेला तिने नाही म्हटलं, हे त्यांच्याच आयुष्याचा भाग आहे. घरखर्चाच्या वह्या तिच्याकडे असतील तर त्या सोनं आहेत. "मोटर 40, दूध 22" अशा एका ओळीतून यंत्र कधी बनलं ते नक्की कळतं आणि घरावर त्याचा भार किती होता तेही. तिची भीती आणि राग गाळू नका. धाडसी माणसाचं नुसतं कौतुक लिहिलं तर नातवंडांना वाटतं सगळं सोपं होतं.

पुस्तिका करायची तर वर्षश्राद्धापर्यंत वेळ द्या, घाईत फक्त फोटो आणि आरत्या छापल्या जातात. पिनेची बांधणी असेल तर पानांची संख्या चारने भागली जाईल अशी ठेवा. काळानुसार जन्म-शिक्षण-नोकरी असं लावण्यापेक्षा वस्तू आणि वाटांनुसार लावा, एक यंत्र, त्याची आकृती, कोणासाठी केलं, त्याची हकीकत, मग पुढची वाट. आकृती त्यांच्याच वहीतली असेल तर तशीच्या तशी, खाडाखोडीसकट छापा, पुन्हा सुंदर काढायला नका जाऊ. आणि वर्षश्राद्धाच्या आसपासच्या एखाद्या रविवारी पोरांना त्यातल्या एका वाटेवर न्या, त्यांचीच पेटी, त्यांचाच स्टोव्ह घेऊन (वॉशर आधी बदला).

हत्यारांचं शेवटी ठरवा. दोन-चार घरात राहू द्या, चिठ्ठीसकट, बाकी कपाटात गंजवू नका. नात्यात, वाड्यात, सोसायटीत कोणी आयटीआय करणारं पोरगं असतं, त्याला व्हाइस आणि आटे पाडायचा टॅप-डायचा सेट द्या, आणि बरोबर त्या वहीची झेरॉक्ससुद्धा द्या, कारण व्हाइसच्या जबड्याला तांब्याची पट्टी का लावलीये ते फक्त तिच्यातच लिहिलेलं आहे.