रोटरीला नवा ईसीयू घ्यायचाय? आधी एवढं जमवा

माझदाची रोटरी इंजिनाची आरएक्स-७ हाती आली की वर्षाच्या आत मालकाला ईसीयूचं, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणाऱ्या संगणकाचं, वेड लागतं. कुणाला टर्बो मोठा घालायचा असतो, कुणाचा मूळचा ईसीयू तीस वर्षांत म्हातारा होऊन हट्टी झालेला असतो. मग पहिला प्रश्न ठरलेला: कुठल्या कंपनीचा घेऊ? मीही तिथूनच सुरुवात केली होती. चार इग्निशन आउटपुट, चार इंजेक्टर आउटपुट आणि देखणं सॉफ्टवेअर बघून पैसे मोजले. तो डबा सहा महिने खोक्यातच पडून राहिला, कारण त्याला ट्रेलिंग प्लग म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. म्हणून ही यादी. यात कंपनीचं नाव सर्वांत शेवटी लिहायचं आहे.

आधी इंजिनाची तब्येत. रोटरीचं कॉम्प्रेशन साध्या गेजने मोजून उपयोग नाही. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि तीनही बाजूंचे आकडे सुटेसुटे वाचता यायला हवेत, त्यामुळे रोटरीचा खास टेस्टर लागतो. १३बी-आरईडब्ल्यूसाठी (तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चं, म्हणजे एफडीचं टर्बो इंजिन) २५० आरपीएमच्या हिशेबाने किमान ८५ पीएसआय धरतात, आणि एकाच रोटरच्या तीन आकड्यांत फार फरक नको. एक बाजू पडलेली असेल तर ईसीयूचे पैसे आत्ताच रिबिल्डच्या पाकिटात टाका. मेलेल्या एपेक्स सीलवर (रोटरच्या टोकावरची पट्टी) कुठलाही मॅप, म्हणजे ईसीयूतली पेट्रोल-ठिणगीची कोष्टकं, चालत नाही.

मग वहीत एका ओळीत लिहा, गाडीचं काय करायचंय. 'पुढेमागे मोठा टर्बो' असलं नको. इंजेक्टर केवढे, बूस्ट (टर्बोचा दाब) किती, पोर्टिंग (हवेचे मार्ग मोठे करणं) झालंय का, रोज चालवायची की फक्त ट्रॅकवर, असं नेमकं हवं. बिनटर्बोची आरएक्स-८ जवळपास कंपनीच्याच अवस्थेत ठेवायची असेल, तर अनेकदा मूळच्या ईसीयूत नवा मॅप भरून काम भागतं. लोकांना हे आवडत नाही, कारण त्यात नवं काही बसवल्याचा आनंद नसतो.

ट्यूनर ईसीयूच्या आधी शोधा. रोटरी रोज हाताळणारा माणूस जे सॉफ्टवेअर झोपेतही चालवू शकतो, तेच तुमचं सॉफ्टवेअर. त्याला तीन प्रश्न विचारा: बूस्टवर हवा-पेट्रोलचं मिश्रण कितीवर ठेवता, स्प्लिट (एकाच रोटरच्या दोन प्लगच्या ठिणग्यांतलं अंतर) कसा ठरवता, आणि नॉक (मिश्रण भलत्या वेळी फुटून बसणारा ठोका) आला तर तुमच्या मॅपमध्ये काय होतं? साध्या पेट्रोलवर टर्बो रोटरीचं मिश्रण पूर्ण बूस्टला ११ च्या आसपास (वजनाने पेट्रोलच्या अकरा पट हवा) ठेवण्याची पद्धत आहे. 'पिस्टनच्या गाड्या शेकड्याने केल्यात, ही त्यातलीच' असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. पिस्टनचं इंजिन दोनचार ठोके सोसून नेतं. रोटरीत एक जोराचा ठोका बसला की सील तुटतं, आणि त्याचा तुकडा जाताजाता टर्बोचं पातंही चावून जातो.

आता इग्निशन, आणि इथे घाई करू नका, माझा डबा इथेच अडला होता. रोटरीची ज्वलनाची जागा लांब आणि चपटी असते, म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. लीडिंग आधी पेटतो, ट्रेलिंग काही अंशांनी मागून. या अंतराला स्प्लिट म्हणतात. ईसीयूत 'रोटरी' हा इंजिनाचा स्वतंत्र प्रकार आणि स्प्लिटचं वेगळं टेबल हवंच. निव्वळ चार आउटपुट असून भागत नाही. दोन्ही रोटरच्या लीडिंग प्लगना एकाच वेळी ठिणगी दिली तरी चालतं, मूळ एफडीतही तसंच आहे. फुकट जाणारी ठिणगी जळून गेलेल्या वायूत पडते. ट्रेलिंगला ही चैन नाही. त्या क्षणी ट्रेलिंग प्लगसमोर पुढच्या फेरीचं ताजं मिश्रण येऊन ठेपलेलं असतं, आणि ते भलत्या वेळी पेटतं. म्हणून ट्रेलिंगच्या दोन्ही कॉइल स्वतंत्र हव्यात. एकूण कमीत कमी तीन आउटपुट, चार असली तर उत्तम.

एफसी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ ची एक गंमत आहे. तिच्या ट्रेलिंग कॉइलच्या डब्याला एक ट्रिगरची वायर असते, आणि दुसरी वायर फक्त 'आता पुढचा रोटर की मागचा' एवढं सांगते. ही निवडीची वायर ईसीयूला समजत नसेल तर कॉइलच बदलाव्या लागतात. तसंही बरेच जण मूळ कॉइल आणि इग्नायटर काढून प्रत्येक प्लगला आपापली कॉइल देतात. ते करायचं असेल तर कॉइलचा ड्वेल टाइम (ठिणगीआधी कॉइल चार्ज करण्याचा वेळ) कागदावर मिळवून ठेवा, अंदाजाने भरू नका. जास्त ड्वेलने कॉइल भाजते, कमी ड्वेलने बूस्टवर मिस मारते, आणि तुम्ही आठवडाभर पेट्रोलला दोष देत बसता.

ट्रिगर. इंजिन आत्ता कितीव्या अंशावर आहे हे ईसीयूला दात मोजून कळतं. एफसीचा क्रँक अँगल सेन्सर जुन्या डिस्ट्रिब्युटरसारखा उभा बसतो; त्यात २४ दातांचं एक चाक आणि २ दातांचं दुसरं. एफडीत सेन्सर पुढच्या पुलीपाशी गेले, आरएक्स-८ मध्ये दातांची रचना पुन्हा बदलली. निवडलेल्या ईसीयूच्या यादीत तुमच्या गाडीचा ट्रिगर नावानिशी आहे का, ते बघा. 'सगळे ट्रिगर चालतात' या वाक्यावर मी एकदा विसंबलो होतो.

इंजेक्टरचं प्रकरण त्यामानाने सोपं. दोन प्रायमरी, दोन सेकंडरी. एफडीत प्रायमरी मिनिटाला ५५० सीसीचे आणि सेकंडरी ८५० सीसीचे. सेकंडरी भार वाढल्यावर जागे होतात, म्हणून स्टेजिंगची सोय हवी, आणि ते जागे होतानाचा धक्का मॅपमध्ये नीट गुळगुळीत करता यायला हवा. इंजेक्टरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने स्वतः मोजा. सुरुवातीच्या एफसीत लो-इम्पीडन्स (कमी रेझिस्टन्सचे) इंजेक्टर होते. त्यांना रेझिस्टर बॉक्स किंवा पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर लागतो, नाहीतर नव्या ईसीयूचे ड्रायव्हर उडतात.

ऑइल मीटरिंग पंप हा यादीतला सर्वांत जास्त विसरला जाणारा मुद्दा. रोटरी जाणूनबुजून ऑइल जाळते. एपेक्स सीलला वंगण हवं म्हणून हा पंप थोडं थोडं ऑइल आत सोडत राहतो. जुन्या गाड्यांत तो थ्रॉटलच्या दांडीवर चालायचा. १९८९ पासूनच्या एफसीत, एफडीत आणि आरएक्स-८ मध्ये तो इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे मूळ ईसीयू काढला की त्याला सांगणारं कुणी उरत नाही. बाजारातले बरेच ईसीयू तो चालवत नाहीत. माहितीपत्रकात यावर एक शब्द नसेल तर 'नाही' असं समजा आणि लेखी विचारा. उत्तर 'नाही' असं आलं तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळण्याची तयारी ठेवा, लिटरला साधारण ८ ते १० मिली. मोजमापाची छोटी बाटली गाडीतच ठेवायची आणि टाकी भरण्याआधी ऑइल ओतायचं, म्हणजे पेट्रोलच्या धारेने ते आपोआप ढवळलं जातं. घरात दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही हे शिकवा. ते जमणारं नसेल, तर पंप चालवणाराच ईसीयू घ्या, मग बाकी चार गोष्टी कमी असल्या तरी चालतील.

एफडीचे मूळ जुळे टर्बो ठेवणार असाल तर आणखी एक चाळणी लागते. खाली एकच टर्बो, ४,५०० आरपीएमच्या सुमाराला दुसरा येऊन मिळतो, आणि ही अदलाबदल डझनभर सोलेनॉइड आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ घडवून आणतं. ते सगळं चालवणारे ईसीयू थोडे. अपेक्सीचा पॉवर एफसी त्यातला एक. मूळ सॉकेटमध्ये बसतो, टर्बोही सांभाळतो, ऑइल पंपही. पण तो जुन्या जमान्याचा. लॅपटॉप थेट जोडता येत नाही, मध्ये डेटालॉजिट नावाचा डबा लागतो, आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) बघून स्वतःला सुधारणं, ऑइल प्रेशर पडलं की इंजिन वाचवणं, असल्या गोष्टी त्याच्याकडून मागू नका. एकच मोठा टर्बो घालणार असाल तर हा पेच आपोआप सुटतो, आणि हॅलटेक, लिंक, मोटेक असे आजचे पर्याय मोकळे होतात. आरएक्स-८ चा पेच वेगळा आहे: थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक, आणि मीटर, एबीएस, पॉवर स्टिअरिंग हे सगळे ईसीयूशी कॅन बसवर (गाडीतल्या संगणकांची आपसात बोलायची तार) बोलतात. नव्या ईसीयूला ती बोली येत नसेल तर स्टिअरिंग जड होतं आणि मीटरवर दिव्यांची रोषणाई सुरू होते.

सेन्सर जुने चालवू नका. मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा; ईसीयूतल्या मॅपशी याच्या नावाचा संबंध नाही) बूस्टला पुरेल असा हवा. ३ बारचा सेन्सर म्हणजे वातावरणाचा दाब वजा जाता सुमारे २ बार बूस्टपर्यंत. ब्रिज पोर्ट (पोर्टिंगचा उग्र प्रकार) केलेलं असेल तर आयडलिंगला व्हॅक्यूम थरथरतो, तिथे थ्रॉटलच्या कोनावर मॅप बांधण्याची सोय हवी. एफडीचा हवेच्या तापमानाचा सेन्सर इनटेकच्या गरम धातूत रुतून बसलेला असतो आणि सिग्नलला थांबलात की खोटं बोलायला लागतो; इंटरकूलरनंतरच्या पाइपात चटकन प्रतिसाद देणारा नवा बसवा. वाइडबँड टर्बोच्या बराच मागे, कारण रोटरीचा एक्झॉस्ट भयंकर तापतो. पेट्रोलच्या आणि ऑइलच्या प्रेशरचे सेन्सरही याच खर्चात धरा. ते नसतील तर ईसीयूतल्या संरक्षणाला आंधळा पहारेकरीच म्हणायचं.

संरक्षणाचं कोष्टक खरेदीआधीच ट्यूनरबरोबर बसून भरा: मिश्रण पातळ झालं तर काय, पेट्रोलचं प्रेशर पडलं तर काय, बूस्ट हाताबाहेर गेला तर काय. इंजिन अडवताना पेट्रोल तोडायचं की ठिणगी, हेही तिथेच ठरवा. बूस्टवर पेट्रोल तोडताना क्षणभर पातळ मिश्रण पेटण्याची भीती, ठिणगी तोडली तर न जळलेलं पेट्रोल तापलेल्या टर्बोत आणि सायलेन्सरमध्ये जाऊन फुटण्याची. मी ठिणगीच्या बाजूचा. सायलेन्सर पुन्हा मिळतो.

वायरिंग. जुन्या एफडीचा हार्नेस (वायरींचा जुडगा) हातात घेऊन एक वायर वाकवून बघा. वरचं आवरण पापडासारखं तडकलं तर प्लग-इन ईसीयूचा सगळा फायदा संपला, नवा हार्नेस बांधा. अर्थिंग थेट इंजिनावर, सेन्सरचा अर्थ वेगळा, ट्रिगरची वायर शील्ड असलेली आणि कॉइलपासून लांब. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर धुराच्या तपासणीचे नियम आजच वाचा. हार्नेस कापल्यावर वाचण्यात अर्थ नाही.

पहिल्या स्टार्टच्या दिवसाचं सामान वेगळ्या खोक्यात भरा: पूर्ण चार्ज बॅटरी आणि शेजारी चार्जर, प्लगचा एक जादा संच, प्लग पाना, टाइमिंग लाइट, पांढरा रंग. रोटरी पटकन फ्लड होते (प्लग पेट्रोलने भिजतात), म्हणून थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर इंजेक्टर बंद राहतात ना, हे आधीच सेटिंगमध्ये पाहून घ्या. पुलीवरच्या खुणा घासून साफ करा. पिवळी लीडिंगची, टीडीसीनंतर (मिश्रण सर्वांत दाबलं जातं तो बिंदू) ५ अंशांवर. लाल ट्रेलिंगची, टीडीसीनंतर २० अंशांवर. ईसीयूत लीडिंग उणे ५ वर लॉक करा, लाइट धरा, पिवळी खूण पुलीपाशीच्या पिनसमोर यायला हवी. आली म्हणून खूश होऊन लाइट खाली ठेवू नका. मी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सहज ३,००० पर्यंत रेस करून पाहिलं तर खूण पिनपासून हळूहळू सरकत गेली, लॉक असूनही. सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. आयडलिंगला टाइमिंग बरोबर दिसत होतं, आरपीएम वाढला की चुकत होतं. त्या अवस्थेत बूस्ट दिला असता तर इंजिन उतरवावं लागलं असतं. मग ट्रेलिंगच्या पुढच्या-मागच्या वायरी एकेक करून तपासा, त्यांची अदलाबदल तर नेहमीची.

आणि मूळ ईसीयू विकू नका. कोरड्या डब्यात, बोल्टसकट, हार्नेसच्या कापलेल्या टोकांना चिठ्ठ्या लावून ठेवा.