हृदयाचं ऑपरेशन झालेल्या लेकीचं बाळंतपण: तयारी

आधी जुनी फाइल शोधा. ‘लहानपणी भोक बुजवलंय’ एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक असतं. कुठलं भोक, कुठली झडप, मागं काय उरलं, ते कागदच सांगतात. माझ्या धाकट्या बहिणीची फाइल ट्रंकेत साड्यांखाली सापडली तेव्हा तिला पाचवा लागला होता. खरं तर दिवस जायच्या आधीच हृदयरोगतज्ज्ञांकडून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचा. फुप्फुसातला रक्तदाब फार वाढलेला असेल तर डॉक्टर मूल नकोच म्हणतात, आणि ते आधी कळलेलं बरं. गोळ्याही तेव्हाच दाखवा. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन, रक्तदाबाची एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या बाळाला बाधू शकतात. पण मनानं एकही बंद करू नका, झडप बसवलेली असेल तर जिवावर बेतेल.

१८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, फीटल इको. आईला जन्मजात दोष असला तर बाळाला तो असायची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के, एरवी १ टक्क्याच्या आसपास. बहुतेक बाळं धडधाकटच असतात, हे सासूबाईंनाही सांगा.

बाळंतपण कुठं, ते सातव्याच्या आत ठरवा. कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की खासगी, हृदयाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि काचेची पेटी एका जागी आहेत का, ते विचारा. माहेर गगनबावड्याकडं किंवा चंदगडला, शहरापासून लांब असेल तर पहिलटकरणीला तिकडं न्यायचा हट्ट सोडा. तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर आधीच शहरात, दवाखान्याच्या बाजूच्या नातेवाइकाकडं मुक्काम हलवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरला लागून असलेल्या शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. १०८ ची गाडी तरी कुठून येणार?

बाळंत झाल्यावर पेढे वाटायला सगळे पांगतात, तेव्हाच जपायचं असतं. गरोदरपणात रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं आणि प्रसूतीनंतर गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडं परततं. पहिले तीन दिवस रात्री जागणारं, जाणतं माणूस उशाशी हवं. आडवं पडल्यावर दम लागला, छाती धडधडली, पाय सुजले, तर ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून झाकू नका, लगेच सिस्टरना हाक मारा.

बाळ लवकर, कमी वजनाचं येऊ शकतं. मऊ टोपी, मोजे, दुपटी आधीच धुऊन ठेवा. चोवीस तासांनी त्याच्या उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजलात का, हे विचारायला संकोचू नका. दूध पिताना घाम, ओठ निळसर, की लगेच दाखवा. आणि सव्वा महिना पाळताना आईच्या इकोची तारीख चुकवू नका, ती डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्या.