दारू सुटत नाहीये आणि एचआयव्ही, हेपेटायटिस बी किंवा सी पण आहे, मग काय करायचं

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल: ज्या दिवशी प्यायलात त्या दिवशीची एचआयव्हीची किंवा हेपेटायटिसची गोळी चुकवू नका.

बहुतेकांचं नेमकं उलटं होतं. रात्री ९ चा अलार्म वाजतो, हातात ग्लास असतो, मनात येतं की दारूवर ही गोळी घेतली तर काहीतरी भलतंच रिअ‍ॅक्शन येईल, मग अलार्म बंद, आज राहू दे, उद्या घेऊ. काहीजण तर पूर्ण वीकेंड गोळ्या बंद ठेवतात. आणि हे बेफिकिरीने नाही हो, घाबरून करतात, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. खरं म्हणजे एचआयव्हीच्या बहुतेक गोळ्यांचं दारूशी थेट काही वाकडं नाही. अबॅकाविरचं प्रमाण दारूने रक्तात थोडं वाढतं, एफाविरेन्झवर प्यायलं तर चक्कर, गुंगी जास्त येते, अशा काही गोष्टी आहेत, त्या डॉक्टरांना विचारून घ्या. पण डोस परत परत चुकले की व्हायरसला वाढायला मोकळं रान मिळतं, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, वर जातो, रेझिस्टन्स आला की ते औषध कामच करत नाही. हेपेटायटिस बी मध्ये तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर मध्येच बंद केलं की आजार उसळून येऊ शकतो, कधीकधी लिव्हर फेल होण्यापर्यंत.

त्यामुळे पहिलं काम सोपं आहे. पिणं संध्याकाळी होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सकाळची करून घ्या. (एफाविरेन्झ मुद्दाम रात्री देतात, ती स्वतःहून हलवू नका.) एकदोन गोळ्या पाकिटात किंवा पर्समध्ये असू द्या म्हणजे बाहेर मुक्काम पडला तरी अडत नाही. आणि विसरलात तर आठवल्यावर एक घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नको.

आता लिव्हर. हेपेटायटिस बी, सी चे व्हायरस लिव्हरमध्येच राहतात आणि तिथे कायम सूज धरून ठेवतात, दारूही तिथेच फोडली जाते आणि त्यातून जे अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं ते त्याच पेशींना मारतं. दोन्ही एकत्र आले की लिव्हरवर वण पडत जाणं, ज्याला फायब्रोसिस म्हणतात, ते खूप लवकर होतं आणि पुढे सिरॉसिस, म्हणजे वणांनी लिव्हर कायमचं कडक होणं, आणि कॅन्सर. दुखत काहीच नाही, हाच घोळ आहे, माणसाला वाटतं आपल्याला पचते. "थोडी चालेल का" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, तर हेपेटायटिस असेल तर इतकी चालेल असं सेफ माप नाही, आणि सिरॉसिस असेल तर एक थेंब पण नको. फक्त एचआयव्ही असला तरी दारू प्रतिकारशक्तीवर घाव घालते, टीबीचा धोका वाढतो, आणि टीबीची औषधं स्वतःच लिव्हरला जड असतात. तपासण्यांमध्ये एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या), प्लेटलेट आणि जमलं तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारं मशीन) करून घ्या. सिरॉसिस निघाला तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी लागते. अंग दुखलं म्हणून पॅरासिटामॉल घेताना पण जपून, रोज पिणाऱ्याने किंवा लिव्हर खराब असलेल्याने दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ नये.

किती पिता ते मोजा, अंदाजाने नको. मिली गुणिले टक्के गुणिले ०.८ आणि भागिले १००, झाले शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ३३० मिलीची ५ टक्के बिअर म्हणजे साधारण १३ ग्रॅम, ४२ टक्केवाल्या व्हिस्कीचा ३० मिली पेग म्हणजे १० ग्रॅम. घरचा हाताने ओतलेला पेग ३० चा क्वचितच असतो, एकदा मापाने ओतून बघा. आठवडाभर फोनमध्ये लिहा आणि तेच डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे, त्यात ८ किंवा जास्त मार्क आले तर विषय गंभीर आहे असं समजा.

आता एक मोठा धोका, इथे जरा थांबून वाचा. रोज भरपूर पिणारा माणूस, सकाळी हात थरथरतात, घाम येतो, एक घोट घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, अशाने जिद्दीने एका रात्रीत बंद करू नये. पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि २ ते ४ दिवसांत भ्रम, नसलेलं दिसणं, ताप, यात जीव जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं, ते काही दिवस झोपेच्या गटातली औषधं देऊन हळूहळू कमी करतात, सोबत थायमिन (व्हिटॅमिन बी१) देतात. एचआयव्हीच्या गोळ्यांमध्ये रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर अशी काही औषधं शरीरात जास्त साठतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन जा, लपवू नका.

तलफ कमी करायला औषधं आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अ‍ॅकॅम्प्रोसेट लिव्हरमधून जात नाही, किडनी नीट असेल तर चांगला पर्याय. बॅक्लोफेन सिरॉसिसमध्येही वापरतात. नॅल्ट्रेक्सोन पण चालतं, पण लिव्हरला जोराची सूज असेल तर नको. डायसल्फिरॅम, म्हणजे जी घेतल्यावर दारू प्यायली की त्रास होतो ती गोळी, मात्र लिव्हर खराब असलेल्यांसाठी नाही. आणि घरच्यांनो, कळकळीने सांगते, चहात किंवा भाजीत गुपचूप पावडर मिसळून देऊ नका. त्यात डायसल्फिरॅम असेल आणि वरून तो माणूस प्यायला तर बीपी कोसळतं, छातीत धडधड, उलट्या, मृत्यूही होऊ शकतो. त्याच्या अपरोक्ष केलेला उपाय कळला की विश्वासही जातो, मग गोळ्या घेतो की नाही तेही तुम्हाला सांगणार नाही.

हेपेटायटिस सी वाल्यांसाठी वेगळं. याचं औषध ८ ते १२ आठवड्यांचं असतं आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. "आधी दारू सोडा, मग उपचार" असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, पिणं चालू आहे म्हणून हा उपचार रोखून धरायचं कारण नाही, दोन्ही सोबत चालू शकतं. फक्त व्हायरस गेला म्हणजे आता प्यायला मोकळे असं नाही, आधीचा सिरॉसिस तिथेच असतो आणि दारू त्याला पुढे ढकलत राहते.

मध्येच परत प्यायलात तर? होतं. लाजून पुढची अपॉइंटमेंट चुकवू नका, किती प्यायलात ते आकड्यात सांगा, औषध किंवा डोस बदलायला डॉक्टरांना तेवढंच लागतं.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, डोळे पिवळे, पोट फुगत चाललंय, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, दिवसा झोपतोय आणि रात्री जागा, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटलमध्ये न्या, आणि व्हायरसचं आणि दारूचं, दोन्ही तिथल्या डॉक्टरांना सांगा.