वई लावायची तर मृगात, आणि पहिली छाटणी मन घट्ट करून

वळवाच्या पावसावर वईची, म्हणजे झाडांच्या जिवंत कुंपणाची, जागा खणून तयार ठेवावी, पण रोपं लावायची घाई करू नये. वळवानं जमीन वरून भिजते, आत कोरडीच राहते. मृग ७ जूनच्या आसपास निघतो. त्याचे एक-दोन दमदार पाऊस होऊन ओल वीतभर खाली उतरली की लागवड सुरू करावी आणि आर्द्रा संपायच्या आत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, उरकून टाकावी. पुढं तरणा-म्हातारा (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रं) लागला की कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडं आठ-आठ दिवस उघडीप मिळत नाही आणि नव्या मुळ्या पाण्यात कुजतात. पूर्वेला शिरोळ, हातकणंगल्याकडं जरा उशीर झाला तरी चालतं.

खणायच्या आधी हद्द बघा. आपल्याकडं तुकडे लहान, बांध सामाईक, आणि भावकीतली भांडणं बांधावरूनच पेटतात. जरा जरी शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, मगच टिकाव मारा. बांधाच्या मधोमध न लावता आपल्या बाजूला दोन-अडीच फूट आत सरकून लावलेलं बरं. तेवढी जमीन गेली म्हणून हळहळ वाटते खरी, पण पुढं शेजाऱ्याच्या उसात फांद्या घुसत नाहीत आणि छाटायला दोन्ही बाजूंनी आपल्याच रानातून हात पोचतो. हद्दीचा दगड झाडोऱ्यात गडप होऊ देऊ नका.

कुठलं झाड लावायचं? गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेव्हा जिल्ह्यात सगळ्यांना एकच झाड सुचवणारा माणूस बहुतेक रोपं विकणारा असतो, असं समजावं.

पूर्वेकडं निचऱ्याची जमीन आणि भरपूर ऊन असेल तर मेंदीसारखं झाड नाही. पण बुडाशी पाणी साचलं की ती मरते, म्हणून पश्चिमेकडं तिच्या नादाला लागू नये. पाण्यानं क्षारपड झालेल्या रानात कडू मेंदी लावावी. रोपवाटिकेत तिला कोयनेल म्हणतात. ही मूळची समुद्रकाठची वनस्पती, त्यामुळं खारटपणा सोसते, आणि शेरडंही तिला सहसा तोंड लावत नाहीत. काडीपासून सहज येते, म्हणजे रोपांचा खर्चही वाचतो.

आजरा, भुदरगड, शाहूवाडीच्या तांबड्या जमिनीत करवंद. काटा जबर, शिवाय उन्हाळ्यात चार पैशांचं फळ. वाढ मात्र सावकाश, त्यामुळं पहिली दोन-तीन वर्षं पुढून तोडलेल्या काट्यांची वई घालावीच लागते. रोपं घरी करायची असतील तर पिकलेल्या फळांचं बी धुऊन लगेच पिशवीत टोचावं. ठेवून दिलेल्या बियांची उगवण झपाट्यानं कमी होते. ही रोपं पुढच्या पावसाळ्यात लावायला येतात.

पंचगंगा, वारणेच्या काठची रानं वेगळी. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांच्या रानातून गेले त्यांना सांगायची गरज नाही, पण नवीन घेणाऱ्यांसाठी लिहितो: पुराच्या प्रवाहाला आडवं दाट कुंपण लावू नका. वाहून आलेला कचरा त्यात अडकतो, पाणी तुंबतं आणि शेवटी कुंपणासकट बांध जातो. प्रवाहाच्या दिशेनं जाणाऱ्या बांधांवर निर्गुडी लावा, आडवे बांध मोकळे ठेवा.

पूर्वेकडं-पश्चिमेकडं दोन्हीकडं चालणारं आणि माझ्या मते ऊसवाल्यांनी आधी विचारात घ्यावं असं झाड म्हणजे गिरिपुष्प, आपली उंदीरमारी. दोन बोटं ते मनगटाएवढे जाड, चार-पाच फूट लांब खुंट घ्यावेत. वरचं टोक तिरकं छाटावं म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. बुडखा कापताना साल सोलवटू देऊ नये. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून मग पहारीनं भोक पाडून फूटभर आत गाडावेत आणि माती पक्की दाबावी. उलटा खुंट फुटत नाही, म्हणून तोडतानाच शेंड्याच्या बाजूला खूण करून ठेवा. छाटलेला पाला सरीत दाबला की उसाला फुकटचं नत्र मिळतं. शेळ्यांना द्यायचा तर सुकवून द्या. घोड्याला मात्र तो विषारी आहे.

घाणेरी आणि वेडी बाभूळ आयती वाढते म्हणून ठेवू नका, ती बांधावरून रानात उतरते. घाणेरीचा पाला जनावरांनाही बाधतो. गोठ्याजवळ कण्हेर नको. शाळेच्या वाटेवर मोगली एरंड नको, मुलं बिया खातात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. बंगल्याभोवती, परड्यात दुरांता हौसेनं लावतात. त्याची पिवळी फळं विषारी असतात, म्हणून कात्री सतत चालती ठेवावी.

पूर्वेकडं दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर मारून वरच्या मातीत शेणखत मिसळून तो भरावा. खत पूर्ण कुजलेलंच हवं, कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळ्या खाणारी अळी, येते. पश्चिमेकडं चर मारलात तर त्याचं डबकं होतं. तिथं फूटभर उंच वरंबा करून माथ्यावर लागवड करावी. मेंदी, कडू मेंदी दोन ओळींत लावा: ओळींत फूटभर अंतर, रोपांतही फूटभर, आणि एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध. चौकोनी एक एकराचा घेर साधारण ८३५ फूट होतो, म्हणजे १६७० रोपं लागतात. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला दीड-दोनशे जास्तीची ठेवा. करवंद एकाच ओळीत तीन-तीन फुटांवर पुरतं, २८० रोपांत भागतं.

आता छाटणी. कुंपण बिघडतं ते इथंच. रोप कमरेएवढं झालं की मालकाला आनंद होतो, कात्री लावायला जीव होत नाही, आणि तिसऱ्या वर्षी वर छत्री, खाली मोकळ्या काटक्या अशी गत होते. शेरडू खालून घुसतं, रानडुक्करही खालून घुसतं. वरच्या हिरवळीचा काही उपयोग नाही. शेंडा जागेवर असेपर्यंत खालचे डोळे फुटत नाहीत. म्हणून लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी, रोपानं जीव धरून नवी पालवी काढली की ते सरळ वीतभर उंचीवर कापा. रान बोडकं दिसेल, घरातले चार शब्द ऐकवतील, ऐकून घ्या. त्यानंतर फूटभर वाढ झाली की त्यातली अर्धी ठेवायची, अर्धी काढायची. अशानं चार फूट उंची गाठायला तीन वर्षं जातात, पण ते कुंपण जमिनीपासून भरलेलं असतं. एकदा खाली खिंडार पडलं की नुसत्या वरच्या छाटणीनं ते भरत नाही. करवंदाला पहिल्या वर्षी हात लावू नका, दुसऱ्या पावसाळ्यात नुसते शेंडे खुडा.

कापताना बूड रुंद आणि माथा अरुंद ठेवा. उलटं झालं तर वरच्या सावलीनं खालची पानं गळतात. कात्री धारदार हवी. कोयत्यानं फांदी चिरते आणि तिथून कुजते. छाटण्या पावसाळ्यात उघडीप बघून कराव्यात, शेवटची दसऱ्याच्या आसपास. मार्च ते मे या काळात खोल छाटणी करू नये. खालून बोडकं झालेलं जुनं कुंपण मृगाच्या तोंडावर फूटभर ठेवून कापलं तर मेंदी, निर्गुडी, कडू मेंदी पुन्हा बुडातून फुटतात.

ऊस आणि कुंपण शेजारी असले की काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिणेच्या बांधावरचं कुंपण तीन-साडेतीन फुटांवर जाऊ देऊ नका, नाहीतर कडेच्या सऱ्या सावलीत राहतात. मुळ्या पिकात शिरतात म्हणून आतल्या बाजूनं वर्षातून एकदा दीड-दोन फूट खोल चर मारून त्या तोडा. उसात २,४-डी हे तणनाशक फवारताना वारं बांधाकडं वाहत असेल तर थांबा. मेंदीची पानं आकसून वाकडी होतात आणि लोक रोग समजून भलतीच औषधं मारत बसतात. आणि उसाचं पाचट पेटवू नका. दहा-बारा वर्षांचं कुंपण एका दुपारी जळालेलं आपल्याकडं काही नवीन नाही. पाचट सरीत कुजवलं तर जमिनीचंही भलं होतं. कुंपणात कडुलिंब, बाभूळ किंवा बोर असेल तर वळवानंतर संध्याकाळी त्यावर हुमणीचे भुंगेरे पाला खायला जमतात. काठीनं फांद्या झाडून ते गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे काम शेजारीपाजारी मिळून केलं तरच गुण येतो.

अमरवेलीचा पिवळा धागा दिसला की नुसता ओढून काढू नका, तुटलेला तुकडा पुन्हा धरतो. खालच्या फांदीसकट कापून जाळा, तिला फूल यायच्या आत.

राहता राहिला गवा. राधानगरी, भुदरगडकडचे शेतकरी विचारतात, कुठल्या झाडानं गवा थांबेल? झाडानं थांबणार नाही, हे स्पष्टच सांगतो. म्हणून कुणी कुंपणाच्या तारेत वीज सोडत असेल तर तो गुन्हा आहे, आणि त्यात जनावराआधी पाणी पाजायला गेलेला घरचाच माणूस मरायचा. नुकसान झालं तर लगेच वनविभागाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं पीक हलवू नका.