पोलिसांचं जुनं पिस्तूल घेताय? आधी स्वतःचा व्हिसा बघा

डॅलसच्या आमच्या भागात दर उन्हाळ्यात नवी मंडळी येतात. कुणी पुण्याहून, कुणी नागपूरहून, कुणी आधी न्यू जर्सीत दोन वर्षं काढून. सुरुवातीचे प्रश्न ठरलेले असतात: घर कुठल्या भागात घ्यावं, गाडी नवी की वापरलेली, मुलांची शाळा कशी. मग गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता कुणीतरी मला बाजूला घेतो. "काका, ऑफिसातला एक जण सांगत होता, इथं पोलिसांची जुनी पिस्तुलं दुकानात स्वस्तात मिळतात. खरं का?"

खरं आहे. मी स्वतः असं एक घेतलेलं आहे. पण विचारणाऱ्याला माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात?

एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे, म्हणजे नोकरी, शिक्षण, पाहुणपण अशा तात्पुरत्या मुक्कामाचे. १९९८ पासूनचा केंद्रीय कायदा असा आहे की, या व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच गुन्हा. विकत घेणं तर लांबच राहिलं. 'जवळ बाळगणं' म्हणजे फक्त मालकी नव्हे, हातात धरणंही त्यात येतं. टीम आउटिंग म्हणून सगळे शूटिंग रेंजवर जातात, तिथं भाड्यानं पिस्तूल मिळतं, आणि एच-वनवरचा आपला मुलगा दहा गोळ्या झाडून फोटो टाकतो. त्याला वाटतं की बोलिंगला जाऊन आलो. कायद्याच्या नजरेत त्यानं शस्त्र बाळगलेलं असतं, आणि पुरावा त्यानं स्वतःच सगळ्यांना दाखवलेला असतो.

याला कायद्यात काही अपवाद आहेत. सर्वांत जास्त ऐकू येतो तो शिकारीच्या परवान्याचा. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना असेल तर ही बंदी लागू होत नाही. कायद्यात तसं लिहिलेलं आहे, हे मी नाकारत नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभ्या असलेल्या माणसानं तीनशे-चारशे डॉलरच्या वस्तूसाठी या वाटेनं जाऊ नये. शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, ग्रीन कार्ड असलं तरी. जायचंच असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फी देऊन विचारा, सहकाऱ्याला नको. आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) भरलाय, ईएडी (कामाचा परवाना) हातात आलंय, म्हणजे ग्रीन कार्ड आलं असं नाही. कार्ड हातात पडेपर्यंत थांबा.

घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याकडे नाही, असंही होतं. तिथं तिजोरीची किल्ली किंवा आकडा फक्त कार्डधारकाकडेच हवा. आणि भारतातून आई-बाबा आले की विशेष लक्ष ठेवा. बाबांना फार उत्सुकता असते, "जरा हातात घेऊन फोटो काढू दे रे" असं ते म्हणणारच. ते बी-टूवर आलेले असतात. त्यांना प्रेमानं नाही म्हणा.

आता ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व मिळालेल्यांसाठी.

आपल्याकडे पोलिसांचं हत्यार म्हणजे सरकारी मालमत्ता. ते सामान्य माणसाच्या हाती बाजारातून येईल ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. शस्त्रपरवान्यासाठी आयुक्तालयाच्या किंवा कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या लोकांना तर जास्तच. इथं पद्धत वेगळी. पोलिस खातं नवी पिस्तुलं घेताना जुनी विक्रेत्याला देतं, त्यांची किंमत नव्या बिलातून वजा होते, आणि विक्रेता ती जुनी दुकानांमार्फत लोकांना विकतो. आपण जुना फ्रिज देऊन नवा घेतो तसंच. दुकानात यांना 'ट्रेड-इन' म्हणतात. सगळीच खाती असं करत नाहीत, काही जुनी हत्यारं नष्ट करतात. पोलिसांनी विकलेली हत्यारं पुढं गुन्ह्यांत सापडल्याची उदाहरणं अमेरिकेत भरपूर आहेत, म्हणून या विक्रीवर टीकाही होते. ती टीका मला पटते. म्हणूनच घेतलेली वस्तू पुढं कुणाच्या हाती जाते याची जबाबदारी आपली, असं मी मानतो.

एवढी पिस्तुलं बाजारात आली कुठून, हे समजलं तर निवड सोपी होते. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. त्यात दोन एजंट मारले गेले. आपली गोळी पुरेशी ताकदवान नाही असा निष्कर्ष निघाला, आणि त्या शोधातून १९९० मध्ये स्मिथ अँड वेसननं 'फोर्टी' (.४० इंच मापाचं) हे काडतूस आणलं. देशभरच्या पोलिसांनी ते उचललं. ग्लॉक २२ हे त्याच काडतुसाचं पिस्तूल, नव्वदच्या दशकात आणि पुढंही पोलिसांच्या कमरेला सर्रास दिसायचं. नंतर नऊ एमएमची गोळी सुधारली. तिचा झटका कमी, नेम सोपा, किंमतही कमी. २०१६ मध्ये एफबीआयनं नऊ एमएम ग्लॉकचा करार केला, आणि बाकीची खाती त्याच दिशेनं गेली. फोर्टीची पिस्तुलं ढिगानं दुकानांत आली. स्वस्ताईचं कारण हे आहे, पिस्तुलात खोट आहे असं नाही.

आमच्या टेक्सासात आणखी एक प्रकार भेटतो. डीपीएस या राज्याच्या पोलिस खात्यानं नव्वदच्या दशकात .३५७ सिग हे काडतूस स्वीकारलं होतं, त्यामुळं त्या मापाची सिग सावर पिस्तुलंही ट्रेड-इनमध्ये दिसतात. घडणीला उत्तम. पण त्याच्या गोळ्या महाग, आणि प्रत्येक दुकानात मिळतीलच असं नाही. पहिलंच पिस्तूल घेणाऱ्यानं त्यात पडू नये. फोर्टीचा झटकाही नवशिक्याला जाणवतो. सरावाला आठवड्याला पन्नास गोळ्या लागणार असतील तर वर्षाचा हिशेब आधी कागदावर मांडा. जुनं नऊ एमएम थोडं महाग मिळालं तरी गोळ्यांच्या फरकात ते वसूल होतं.

पोलिसांचं पिस्तूल कमरेला बारा महिने असतं, पण झाडलं फारसं जात नाही. बहुतेक शिपाई वर्षातून एक-दोनदा पात्रता चाचणीला गोळ्या झाडतात, एवढंच. म्हणून ते बाहेरून खरचटलेलं दिसतं. होल्स्टरमध्ये घासून स्लाइडच्या (वरच्या सरकणाऱ्या भागाच्या) कडांचा रंग उडालेला असतो, गाडीच्या पट्ट्यानं दस्त्यावर चरे पडलेले असतात. स्लाइडवर खात्याचं नावही कोरलेलं असू शकतं. त्यानं बिघडत काही नाही. बघायचं ते आत. दुकानदाराला सांगून पिस्तूल रिकामं करून घ्या, स्वतःच्या डोळ्यांनी चेंबर (नळीच्या मागं गोळी बसते ती जागा) बघा, मग स्लाइड उतरवायला सांगा. नळीत उजेड धरून बघा: आतले पीळ स्वच्छ दिसले पाहिजेत, कुठंही फुगवट्याची कडी दिसता कामा नये. स्लाइड ज्या धातूच्या पट्ट्यांवर सरकते त्या अखंड आहेत का, प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर चीर आहे का, ते नखानं चाचपा. मोठी स्प्रिंग आणि मॅगझिनच्या (गोळ्या भरायच्या पेटीच्या) स्प्रिंगा मी न तपासताच बदलतो. थोडक्या डॉलरचं काम आहे.

रात्री चमकणारे साइट्स (नेम धरायच्या खुणा) आहेत म्हणून विक्रेता जास्त पैसे सांगत असेल तर भुलू नका. त्यांत ट्रिटियम हा किरणोत्सर्गी वायू असतो आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षं. २०१० च्या सुमाराचं पिस्तूल असेल तर तो प्रकाश आता निम्म्याहूनही कमी उरलेला असणार. आणि सिगचं पी-३२० हाती आलं तर ते ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मोफत सुधारणेच्या (पडल्यावर गोळी सुटू नये म्हणूनच्या) आधीचं आहे का, आणि असेल तर ती सुधारणा करून घेतलेली आहे का, हे नक्की विचारा.

एका गोष्टीवर मात्र मला थांबायचं आहे. ग्लॉकला बाहेरून खटक्याचं सेफ्टी बटण नसतं. चाप ओढला की गोळी सुटते. आणि साफसफाईसाठी स्लाइड उतरवायची तर आधी चाप ओढावाच लागतो. चेंबरमध्ये एक गोळी राहून गेली असेल तर ती त्याच क्षणी सुटते. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा गैरसमज नव्या माणसाच्या डोक्यात हमखास असतो. माझ्या ओळखीच्या एका घरात भिंतीला भोक पडलं, आणि पलीकडच्या खोलीत त्या वेळी मुलगी नव्हती एवढंच नशीब. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागं ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग बोटानं चाचपायचं. दररोज, प्रत्येक वेळी, कालच बघितलं होतं तरीही. पिस्तूल घरी आणण्याआधी रेंजवरच्या शिक्षकाकडे एक प्राथमिक वर्ग करा. त्याचे पैसे पिस्तुलाच्या किमतीतच धरा.

कागदपत्रांचं थोडं. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण हवं, आणि ती आपल्याच राज्यात मिळते. दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून मागवली तर ती तुमच्या घरी येत नाही, तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानात येते. तिथं फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म, भरायचा. दुकानदार वेगळी फी घेतो, ती आधीच विचारून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांनी स्वतःचा ए-नंबर (कार्डावरचा नोंदणी क्रमांक) बरोबर न्यावा. आपल्या नावांचा घोळ इथं फार नडतो. ग्रीन कार्डावर वडिलांचं नाव मधलं म्हणून, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गायब, आडनावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं. मग एफबीआयची तपासणी 'डिले' दाखवते. घाबरू नका, पण आधी सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. लायसन्सवरचा पत्ता सध्याचाच हवा. दरवेळी डिले येत असेल तर एफबीआयकडे अर्ज करून यूपिन नावाचा कायमचा क्रमांक घेता येतो. फॉर्ममध्ये गांजाबद्दल प्रश्न आहे, आणि राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्रीय कायदा वेगळा आहे, असा इशाराही तिथंच छापलेला आहे. उत्तर खरं द्या. खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

"माझं कार्ड आलंय, मी तुझ्यासाठी घेतो" हे तर मुळीच करू नका. अब्राम्स्की नावाच्या माजी पोलिसानं व्हर्जिनियात पोलिसांसाठीच्या सवलतीत ग्लॉक १९ घेतलं, ते पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या काकासाठी. काकाला पिस्तूल बाळगायचा पूर्ण अधिकार होता. तरी फॉर्मवर "मीच खरा खरेदीदार" असं लिहिलं म्हणून खटला झाला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम ठेवली. दोघंही पात्र असताना ही गत. एच-वनवरच्या मित्रासाठी घेतलंत तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

मी लिहितोय ते टेक्साससाठी. इथं खरेदीला राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी आधी परमिट हवं आणि मॅगझिन दहा गोळ्यांपेक्षा मोठं चालत नाही. पोलिसांच्या ग्लॉक २२ बरोबर पंधराचं मॅगझिन येतं, ते तिथं बेकायदा. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र), कॅलिफोर्नियात दहा दिवसांची वाट आणि मंजूर पिस्तुलांची यादी. राज्य बदललंत की सामान हलवण्याआधी नवे नियम वाचा.

घरी आणल्यावर ते तिजोरीत. कपाटाच्या वरच्या फळीवर नाही, गादीखाली नाही. टेक्सासात भरलेलं हत्यार निष्काळजीपणानं ठेवलं आणि ते १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे, पण कायद्यासाठी म्हणून ठेवू नका. आपल्या घरी दर शनिवारी पाच-सहा मुलं खेळायला येतात, आणि मुलांना सगळी कपाटं माहीत असतात. दुसरी गोष्ट अवघड आहे, तरी बोलतो. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. नोकरी गेली, व्हिसाचे साठ दिवस मोजायची वेळ आली, घर मोडायला आलं, असे दिवस इथं आपल्या माणसांवर येतात. घरात कुणाचंही मन ठिकाणावर नसेल तर पिस्तूल घराबाहेर काढा, त्यासाठी दुकानदाराशी बोला. ९८८ हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांच्या मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो.

शेवटी सुट्टीत घरी जाण्याबद्दल. पिस्तूल भारतात न्यायचा विचारही नको. नऊ एमएम तर तिकडं प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य माणसाला मनाई असलेल्या नळीच्या मापात) मोडतं. पण खरा धोका एका काडतुसाचा असतो. रेंजवर नेलेली पाठपिशवी नंतर प्रवासाला वापरली जाते, आतल्या कप्प्यात एखादी गोळी राहिलेली असते, आणि परतताना मुंबई विमानतळाच्या एक्स-रेमध्ये ती दिसते. मग विमान सुटतं आणि शस्त्र कायद्याचा गुन्हा दाखल होतो. "माझ्या लक्षातच नव्हतं" हे कोर्टात सिद्ध करायला महिने जातात. मी रेंजसाठी वेगळी लाल पिशवी ठेवली आहे, ती गॅरेजमधून घरात येत नाही. तुमची तशी नसेल तर सामान भरण्याआधी प्रत्येक बॅग अंगणात उलटी करून झटका, आणि सगळ्या चेन उघडून आत हात घालून बघा.