शहाऐंशीवा दिवस

"म्हणजे आता तू लोकांना नोकऱ्या लावणार?" कोड लिहिणं सोडून रिक्रूटर झाले, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधायला लागले, तेव्हा बाबांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा कौतुकच जास्त होतं. गोव्यात नोकरी 'लावणं' हे आमदाराचं काम. आठ दिवसांत शेजारची काकी मुलाची फाइल घेऊन डिचोलीच्या आमच्या घरी हजर! दहावीच्या मार्कलिस्टपासून सगळं होतं त्यात. तिला समजावताना माझं मलाच पहिल्यांदा नीट उमगलं की रिक्रूटर नोकरी लावत नाही. जागा कंपनीची, निवड मॅनेजरची, होकार उमेदवाराचा. आपण मधले. आणि उमेदवाराकडून एक पैसाही घ्यायचा नसतो, हेही तिला दोनदा सांगावं लागलं.

फर्मागुढीला इंजिनिअरिंग, मग सात वर्षं जावात प्रोग्रामिंग. चार पुण्यात, तीन पर्वरीत. कोडचा कंटाळा आला होता असं नाही. पण टीमसाठी मुलाखती घ्यायला बसवलं की त्या दिवशी मी घरी कमी दमून यायचे. हे दोन वर्षं लक्षात येत होतं, तरी ते सोडून कोडच लिहीत राहिले, कारण पगार. शेवटी एका भरती एजन्सीत गेले तेव्हा पगार साधारण एक तृतीयांशाने खाली आला. ज्यांना हा बदल करायचा आहे त्यांनी हा हिशेब आधी घरात बसून करावा. इन्सेंटिव्ह मिळतो, पण पहिले सहा महिने तो नाहीच असं समजा. एजन्सीला मोबदला मिळतो तो उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या टक्केवारीत. ८.३३ टक्के हा आकडा तुम्हाला सारखा ऐकू येईल. तो आकाशातून पडलेला नाही, वर्षाचा बारावा भाग, म्हणजे एका महिन्याचा पगार. आणि रुजू झालेला माणूस ठरलेल्या मुदतीत सोडून गेला, तर बदली माणूस फुकट शोधून द्यायचा.

मला वाटलं होतं, मी इंजिनिअर, मला उमेदवार पारखता येतो, झालं. पहिल्या महिन्यात एकाला फोनवर चाळीस मिनिटं हॅशमॅपच्या (जावातली डेटा साठवायची एक रचना) पोटात काय चालतं ते विचारत बसले. त्याने शांतपणे विचारलं, "मॅडम, ही मुलाखत आहे का?" पुढचा फोन त्याने उचललाच नाही. तांत्रिक परीक्षा घ्यायला कंपनीची माणसं बसलेली असतात. पहिल्या फोनवर आपल्याला वेगळंच हवं असतं: का सोडतोय, सध्या हाताने नेमकं काय करतोय, हातात किती येतात आणि अपेक्षा किती, नोटीस किती (म्हणजे राजीनाम्यानंतर अजून किती दिवस थांबावं लागेल), दुसरी ऑफर आहे का. तांत्रिक असा एकच प्रश्न मी आता ठेवलाय. "शेवटचं प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरत असलेली चालू सिस्टीम, तुमच्या हातून कधी पडलं आणि मग काय केलंत?" ज्याने खरंच काम केलंय तो यावर दहा मिनिटं बोलतो, आणि हसत बोलतो.

इंजिनिअर असल्याचा खरा उपयोग झाला तो उमेदवारासमोर नाही, मॅनेजरसमोर. जागा उघडली की तो जॉब डिस्क्रिप्शन पाठवतो, त्यात 'मस्ट हॅव' नऊ. एकाने काफ्काचा, म्हणजे सिस्टीममधले प्रचंड संख्येने मेसेज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पाच वर्षांचा अनुभव मागितला होता. मी विचारलं, दिवसाला मेसेज किती जातात? आकडा ऐकून कळलं की मेसेजची कुठलीही साधी रांग (क्यू) पुरली असती. अर्ध्या तासात नवाचे तीन झाले आणि महिनाभर न मिळणारा माणूस आठ दिवसांत मिळाला. २०२० मध्ये फास्टएपीआय या पायथॉनच्या फ्रेमवर्कचा कर्ता सेबास्तियन रामिरेझ यानेच जाहीर लिहिलं होतं की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितलाय, आणि मी ते तयार करूनच जेमतेम दीड वर्ष झालंय. हसतो आपण, पण अशी जाहिरात कोणीतरी न विचारता पुढे ढकलली म्हणूनच ती बाहेर आली. विचारायची हिंमत आपल्याकडे आहे, कारण उत्तर आपल्याला समजतं.

शोधणं हे वेगळं कसब. लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवर शब्दांमध्ये अँड-ऑर-नॉट लावून शोधायचं, हे कोणीही प्रोग्रामर दुपारपर्यंत शिकेल. अडतं ते भाषेपाशी. कुबरनेटीसवर (सर्व्हरवरची ॲप्लिकेशन्स सांभाळणारी प्रणाली) काम करणारा कधी पूर्ण शब्द लिहितो, कधी नुसतं 'के-एट-एस'. बॅकएंडवाला स्वतःला कुठे 'एसडीई-टू' (सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनिअर, दुसरी पायरी) म्हणतो, कुठे 'मेंबर ऑफ टेक्निकल स्टाफ'. हे सगळे 'ऑर'मध्ये घाला. 'नॉट' मात्र जपून. मी मॅनेजर लोक नकोत म्हणून तो शब्द वगळला, आणि 'मॅनेजरला रिपोर्ट करत होतो' असं लिहिणारे सगळे चांगले डेव्हलपर गायब! दोन दिवस वाया गेले. आणि बायोडेटा मिळाला म्हणून लगेच कंपनीकडे धाडू नका, आधी उमेदवाराचा होकार घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आहेच, पण कायदा नसता तरी ते बरं दिसलं नसतं.

आता नव्वद दिवसांविषयी. आपल्या आयटी कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस सर्रास असते. ऑफर स्वीकारली की फ्रेशर रिक्रूटरला वाटतं, जिंकलो. खरं काम तिथून सुरू. राजीनामा दिल्यावर जुनी कंपनी पगार वाढवून देते, आणि 'नोटीस पिरियडवर' असं प्रोफाइलला लागलं की दहा जण फोन करतात. माझा एक उमेदवार शहाऐंशीव्या दिवशी गप्प झाला. फोन बंद. लॅपटॉप येऊन पडला होता, मॅनेजरने टीमला सांगून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मी बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटी मोजत बसले होते. नंतर जुन्या नोंदी चाळल्या तर दिसलं की त्याने पन्नासाव्या दिवसानंतर एकही प्रश्न विचारला नव्हता. येणारा माणूस विचारतो: शिफ्ट कोणती, बस कुठे थांबते, पीएफ ट्रान्सफर कसा. प्रश्न थांबले की समजायचं.

गोव्यासाठी भरती करणार असाल तर दोन प्रकारचे 'हो' ओळखायला शिका. एक, समुद्र बघून आलेला. पावसाळ्यातली वीज, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतचा रोजचा प्रवास आणि डिसेंबरातलं किनाऱ्याजवळचं घरभाडं हे मी आता पहिल्याच फोनवर सांगून टाकते. निम्मे तिथेच गळतात, ते बरं. दुसरा, पुण्या-बेंगळुरूत राहणारा आपलाच माणूस. त्याला चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी मेसेज करू नका, तो माटोळीच्या (गणपतीवर बांधायची फळा-पानांची सजावट) सामानाच्या आणि तिकिटाच्या गडबडीत असतो. चवथ करून परत गेला, आईचे गुडघे बघून आला, की त्या आठवड्यात लिहा. तेव्हा राजीनामा दिला तर तो साधारण डिसेंबरात मोकळा होतो, आणि त्याला घर शोधायचं नसतं.

तुम्हालाही कोड सोडून भरतीत यायचं असेल, तर राजीनामा देण्याआधी एक करून बघा: स्वतःच्याच टीमची एक जागा भरायला एचआरला मदत मागा. शोधा, फोन करा, नकार ऐका. महिनाभर. महागड्या सर्टिफिकेट कोर्सच्या नादी लागू नका, मला आजवर कोणी ते विचारलेलं नाही.

कोड पूर्ण सुटलेला नाही. ऑफर स्वीकारलेल्यांच्या नोटिशीचे दिवस मोजणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे, रोज सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजायच्या सुमारास ती यादी काढते. आज त्यात अकरा नावं आहेत. एकाचा शहाऐंशीवा दिवस. काल त्याने कँटीनमध्ये मासे मिळतात का ते विचारलंय, तरी जेवणाआधी त्याला फोन करायचाय.