लिनक्सवर ८०५१साठी सी प्रोग्रॅमिंग: एसडीसीसीपासून पहिल्या एलईडीपर्यंत

डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकताना बहुतेकांची गाठ पडते ती काइल या सॉफ्टवेअरशी. ते विंडोजवरच चालतं आणि त्याच्या फुकट चाचणी आवृत्तीत २ केबीपेक्षा मोठा प्रोग्रॅम बनत नाही. घरच्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा डेबियन असेल तर एसडीसीसी वापरा. संदीप दत्ता यांनी सुरू केलेला हा मुक्त कंपायलर, म्हणजे सी कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम आहे. अडचण एकच: लॅबच्या जर्नलमधला कोड त्यावर जसाच्या तसा चालत नाही. का, ते पुढे येईलच.

सामान थोडकंच लागतं: एसटीसी८९सी५२आरसी चिपचा बोर्ड, यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर, एक एलईडी आणि ३३० ओहमचा रेझिस्टर. एसटीसीच घ्या म्हणतोय, कारण तिच्यात बूटलोडर (सीरियल वायरीतून आलेला प्रोग्रॅम चिपमध्ये साठवणारा छोटा प्रोग्रॅम) आधीच असतो आणि त्यासाठी वेगळं उपकरण, म्हणजे प्रोग्रामर, विकत घ्यावा लागत नाही. तुमच्याकडे ॲटमेलची ८९एस५२ असेल तर कंपाइल करण्यात काहीच फरक नाही, बर्न करायची, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरायची पद्धत मात्र वेगळी.

पायरी १: इन्स्टॉल. इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी स्मॉल लेटर्समध्येच टाइप करा, कॅपिटल हवं तिथे तसं सांगितलंय.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल एसडीसीसी पिपएक्स
पिपएक्स इन्स्टॉल एसटीसीगॅल
पिपएक्स एन्शुअरपाथ

यानंतर टर्मिनल बंद करून नवीन उघडा, नाहीतर एसटीसीगॅल (चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं साधन) सापडणार नाही.

सीरियल पोर्ट वापरायला तुम्ही डायलआउट ग्रुपमध्ये असायला हवं. त्यासाठी सुडो यूजरमॉड, पुढे डॅश, स्मॉल ए, कॅपिटल जी, मग डायलआउट आणि आपलं यूजरनेम. तो स्मॉल ए विसरलात तर तुम्ही बाकीच्या ग्रुपांतून बाहेर पडाल, सुडोच्यासुद्धा! मग लॉगआउट करून परत लॉगिन करा.

पायरी २: कोड. ब्लिंक.सी नावाची फाइल करा. काइलमध्ये आपण रेग५१.एच घेतो, इथे ८०५१.एच घ्या. तिकडे एसबिट लिहून पी१^० ला, म्हणजे पोर्ट १ च्या ० क्रमांकाच्या पिनला, नाव द्यावं लागतं. इथे हेडरमध्ये (८०५१.एचमध्ये) पी१_० तयारच असतं, त्यातला पी कॅपिटल. मेनमध्ये व्हाइल(१), त्यात पी१_० = ०, डिले, पी१_० = १, पुन्हा डिले. झाला प्रोग्रॅम.

डिलेच्या फॉर लूपसाठी व्हेरिएबल व्होलाटाइल अनसाइन्ड इंट ठेवा आणि ३०००० पर्यंत मोजा. इंट इथे १६ बिटांचा आहे. नुसता इंट घेऊन ४०००० पर्यंत मोजायला गेलात तर तो ३२७६७ च्या पुढे जाऊच शकत नाही, मग लूप संपणार कसा?

एलईडीचा लांब पाय रेझिस्टरमधून ५ व्होल्टला आणि आखूड पाय पी१.० ला जोडा. उलटं वाटेल, पण ८०५१ची पिन करंट बाहेर द्यायला कंजूष आणि आत घ्यायला बरी. म्हणून ० लिहिलं की दिवा लागतो.

पायरी ३: कंपाइल.

एसडीसीसी ब्लिंक.सी
पॅकआयएचएक्स ब्लिंक.आयएचएक्स > ब्लिंक.हेक्स

फोल्डरमध्ये एकदम बऱ्याच फायली दिसतील. घाबरू नका, पण ब्लिंक.मेम एकदा उघडून बघा. रॅमचा कुठला बाइट कशाने अडवला आणि स्टॅकला किती जागा उरली, याचा तक्ता त्यात असतो. मूळ ८०५१ला आतली रॅम १२८ बाइटच. त्यामुळे एसडीसीसी फंक्शनमधले लोकल व्हेरिएबल सहसा स्टॅकवर न ठेवता रॅममध्ये ठरलेल्या जागी बसवतो. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) इथे सरळ चालत नाही ते याच कारणाने.

पायरी ४: बर्न. कन्व्हर्टरचा टीएक्स पी३.० ला, आरएक्स पी३.१ ला आणि ग्राउंड ग्राउंडला. मग:

एसटीसीगॅल -पी एसटीसी८९ ब्लिंक.हेक्स

यातला डॅशपुढचा पी कॅपिटल. स्क्रीनवर चिपची पॉवर बंद-चालू करा असा मेसेज येतो आणि सगळं थांबतं. पहिल्यांदा मी अर्धा तास रीसेटचं बटण दाबत बसलो होतो. रीसेट नव्हे, पॉवरच घालवायची असते, कारण बूटलोडर फक्त पॉवर आल्या क्षणी कान देतो. तरीही जमलं नाही तर टीएक्सची वायरही क्षणभर काढा. पाच व्होल्ट तोडले तरी त्या वायरीतून चिपला थोडी वीज मिळत राहते आणि ती पुरती बंदच होत नाही.

पोर्टच सापडत नसेल तर सुडो डीमेसेग (इंग्रजीत dmesg) चालवून बघा. उबुंटू २२.०४ वर बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्रॅम सीएच३४० चिपच्या कन्व्हर्टरला आपलंच उपकरण समजून बळकावतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर तो काढून टाका.

दिवा लुकलुकला की टायमर घ्या. टायमर आपलं काम झालं की इंटरप्ट देतो, म्हणजे चालू काम थांबवून ठरलेलं फंक्शन चालवायला लावतो. त्यासाठी काइलच्या कोडमधलं इंटरप्ट १ इथे आधी दोन अंडरस्कोअर लावून, १ कंसात घालून लिहायचं. इंटरप्टचं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंत तर त्याचं प्रोटोटाइप (फंक्शनची नुसती घोषणा) मेनच्या फाइलमध्ये हवंच. नसेल तर एसडीसीसी व्हेक्टर (इंटरप्ट आल्यावर त्या फंक्शनकडे नेणारी उडी) बसवत नाही, आणि त्याबद्दल चकार शब्दही काढत नाही.